दादाच्या लॅपटॉपची वाचा

मे महिन्यातला पहिला रविवार, सकाळ. जागा: नाशिक, माझं जेवणाचं टेबल. हजर: मी. फोनवर हजर: दादा, येवल्याहून. दादाकडे अधूनमधून हजर: शेजारच्या चाची, पडद्यावर काय लिहिलंय ते वाचून सांगायला. गैरहजर: दादाच्या लॅपटॉपचा आवाज.

कोणतंही काम असं लिहूनच सुरू करायची मला सवय आहे. पिंपळगावला द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये मी संगणकांचं बघते. लेबलं छापणारी मशीनं, वजनकाट्यांना जोडलेले जुने संगणक, शीतगृहाचं तापमान टिपून ठेवणारा एक. हंगामात तिथे सगळे एकदम हाका मारतात, आणि कोण हजर होतं, काय ठरलं हे लिहिलेलं नसलं की संध्याकाळी प्रत्येकाचं वेगळंच निघतं. घरी मी एकटी असते. माझं लग्न फार टिकलं नाही, मूल नाही. तरी घरच्या कामाचीही हजेरी लिहिते. एकच नाव असलं की पटकन होतं.

त्या रविवारी काम दादाचं होतं. दादा माझ्याहून बराच मोठा. पैठणी विणायचा. मग डोळे जायला लागले. आधी अंधारातलं दिसेना, मग बाजूचं, मग मागावरचा बारीक धागा, आणि शेवटी सगळंच गेलं. वहिनी त्याच्याही आधी गेली होती. दादानं माग विकला नाही, दुसऱ्याला चालवायला दिला, आणि स्वतः गल्लीतल्या विणकरांच्या ऑर्डरी बघायला लागला. शहरांतून बायकांचे मेल येतात. पदरावर मोर हवेत, मुलीच्या लग्नाआधी हवी, जांभळा हवा पण वांगी रंगाकडे जाणारा नको. दादा लॅपटॉपकडून ते वाचून घेतो, उत्तर टाइप करतो, विणकराच्या घरी जाऊन समजावून सांगतो. वांगी रंग म्हणजे नेमका कोणता हे त्याला अजून बघणाऱ्यांपेक्षा लवकर कळतं, असं त्याचं म्हणणं आहे. मी त्यावर वाद घालत नाही.

पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा प्रोग्राम मीच त्याला घालून दिला होता. अडचण एवढीच की तो सगळ्यात शेवटी जागा व्हायचा. लॅपटॉप सुरू होतो, स्वतःला तपासतो, डिस्क उघडतो, आणि सगळं ठीक निघालं तर शेवटी बोलायला लागतो. मध्येच काही अडलं तर तो पडद्यावर लिहितो आणि थांबतो. लिहिलेलं दादाला दिसत नाही. त्यात लॅपटॉपची बॅटरी मेलेली. उन्हाळ्यात संध्याकाळी वारा सुटला की येवल्यात लाइट जाते, आणि लाइट गेली की लॅपटॉप जागच्या जागी बंद. पुढच्या वेळी सुरू केला की तो विचारतो, डिस्कवर चुका आहेत, दुरुस्त करू का? हो की नाही?

एप्रिलमध्ये एकदा दादा या प्रश्नासमोर सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत बसून राहिला. त्याला वाटलं मशीन गेलं. मशीन त्याच्या उत्तराची वाट बघत होतं. चाची डबा घेऊन आल्या तेव्हा कळलं.

त्याच्या मुलाला हे समजलं. तो पुण्यात असतो, मुलगा म्हणून चांगला आहे, दर महिन्याला येतो. तो म्हणाला, "बाबा, आता बास. इकडे चला. ऑर्डरी मी बघीन." दादा पुण्याला गेला की ऑर्डरी कोण बघणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. कोणीच बघणार नव्हतं. दादानं त्याला सांगितलं, "मेच्या आखेरीला येशील तवा मी एकट्यानं मशीन चालू करून दाखवीन. कशीबी बंद पाड. चाची नाय, तुझी आत्या नाय, कुणी नाय. जमलं तर मी हितंच ऱ्हाईन. नाय जमलं तर माझी बॅग भर."

मग मला फोन केला.

"तू त्या द्राक्षाच्या मशीनी पोटातून बदलतीस ना?"

"काही काही."

"माझी बदल. डोळं उघडायच्या आधी तोंड उघडलं पायजे तिनं."

पोटातून बदलणं म्हणजे कर्नेल नव्यानं बांधणं. कर्नेल हा संगणकात सगळ्यात आधी जागा होणारा भाग. आवाज, पडदा, कळफलक, वायफाय, अशा प्रत्येक वस्तूशी बोलायला त्याच्याकडे एक ड्रायव्हर लागतो. तयार मिळणाऱ्या कर्नेलमध्ये जगातल्या झाडून सगळ्या वस्तूंचे ड्रायव्हर असतात. स्वतः बांधायचा म्हटलं तर तो एकेका वस्तूबद्दल विचारतो, आणि उत्तरं तीन असतात. होय म्हटलं तर ड्रायव्हर कर्नेलच्या आतच बसतो, पहिल्या क्षणापासून हजर. नाही म्हटलं तर वगळला जातो. तिसरं उत्तर मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर डिस्कवर ठेवायचा आणि लागेल तेव्हा आत घ्यायचा. प्रत्येक प्रश्नाखाली थोडी माहिती असते, आणि पुष्कळदा तिच्या शेवटी एकच सल्ला असतो: खात्री नसेल तर नाही म्हणा. हा सल्ला मला पहिल्यापासून आवडतो.

तर त्या रविवारी मी प्रश्न वाचत होते आणि दादा येवल्यात लॅपटॉप चाचपत होता.

"डाव्या बाजूला काय काय आहे?"

"दोन चपट्या खाचा. एक गोल. एक बुजल्याली."

"कशानं बुजलीय?"

"झुरळ असंल. बघू का काढून?"

"नको. सीडीचं झाकण आहे?"

"हाय, पण उघडत नाय. त्यात तुझ्या लग्नाची सीडी अडकल्याली हाय."

"खोटं."

"मंग काढ म्हनतो तर येत का नाय बाहेर?"

मी सीडीला नाही म्हटलं. टीव्ही कार्डाला नाही. फ्लॉपीला नाही. जॉयस्टिक आला तेव्हा दादानं विचारलं, "ते काय आसतं?"

"खेळायची दांडी."

"ती ठिव. चाचीला मारायला व्हईल."

मागून चाचींचा आवाज आला, "सुन रही हूँ मैं."

खरं म्हणजे यातलं काहीच विचारायची गरज नव्हती. दादाच्या मशीनमध्ये नाशिकहून शिरायची एक वाट मी पूर्वीच करून ठेवली आहे. त्याच्या मशीनवर माझी किल्ली आहे. म्हणजे संगणकातली किल्ली, माझ्या मशीनची ओळख पटवणारी. तिनं आत जाऊन एका आदेशात मला सगळ्या वस्तूंची यादी मिळते. सकाळीच मी ती काढली होती, ती माझ्यासमोर उघडी होती. तरी मी विचारत होते, आणि दादा बोटांनी चाचपून सांगत होता, आणि दुपार कधी झाली ते कळलं नाही.

"सगळ्यास्नी होय-नाय केलंस," दादा शेवटी म्हणाला. "मला कशात टाकलंस?"

"तिसऱ्यात. हाक मारली की येतोस."

"मी येतो का तू येतीस?"

मी कर्नेल बांधायला लावला आणि फोन ठेवला.

बांधणी चालू असताना पडद्यावर ओळी सरकत राहतात आणि संगणकाचा पंखा जोरात फिरतो. करण्यासारखं काही नसतं. मी तांदूळ निवडले. टेबलाला दोन खुर्च्या आहेत. दुसरीवर इस्त्रीचे कपडे असतात. ते उचलून कपाटात ठेवले, मग खुर्ची रिकामी दिसायला लागली म्हणून पुन्हा आणून ठेवले.

आठवडाभर पिंपळगावला जात राहिले. हंगाम संपलेला. शेडमध्ये रिकाम्या क्रेटच्या भिंती, लेबलांची मशीनं झाकलेली, हमाल आपापल्या गावी. कार्यालयात मी आणि वॉचमन, आणि वॉचमन झोपलेला. दिवसाकाठी मी मोजकीच वाक्यं बोलत असेन. बसमध्ये तिकीट मागायचं तेही आता सुट्या पैशांऐवजी फोन दाखवून होतं. संध्याकाळी दादाला फोन करायची वेळ मी कामात धरलेली होती, आणि या कामामुळे फोनला विषय होता. एरवी आम्ही जेवलास का, जेवलीस का, इथेच संपतो. आता दादा रोज विचारायचा, "बनली का?" आणि मी सांगायची, "बनली, आता तपासतेय." तपासायला फारसं काही नव्हतं.

पुढच्या रविवारी मी नवा कर्नेल त्याच्या मशीनवर पाठवला. जुना तसाच ठेवला. नवा चालला नाही तर सुरू होताना खालचा बाण एकदा दाबून एंटर, की जुना येतो. हे दादाकडून पाठ करून घेतलं. आवाजाच्या ड्रायव्हरला मी यावेळी होय म्हटलं होतं. पूर्वी तो मॉड्यूल होता, म्हणून उशिरा यायचा. आता तो पहिल्यापासून आत. वाचणारा प्रोग्रामही डिस्क तपासायच्या आधी सुरू होईल असं करून ठेवलं होतं. मनात मी या कामापुढे बरोबरची खूण करून टाकली होती.

"चालू करतो," दादा म्हणाला. बटणाचा आवाज फोनवर ऐकू आला. त्यानंतर काहीच नाही.

"सुरू झालं का?"

"मला इचारतीस?"

"काही ऐकू येतंय?"

"तू."

मग तो म्हणाला, "बाजूच्या जाळीला हात लावलाय. गरम वारा यितोय. म्हंजे जित्ती हाय."

"टूं वाजलं?"

"तेबी नाय."

हे टूं सांगायला हवं. दादाचं मशीन नाव विचारायच्या ओळीपर्यंत पोचलं की एकदा टूं करायचं. ते त्यानं माझ्या मागे लागून करून घेतलं होतं. आवाजाची चिप वेगळी. हे टूं काढायला पीसी स्पीकर नावाचा जुनापुराणा ड्रायव्हर लागतो. बांधताना त्याचा प्रश्न आला तेव्हा मी दादाला विचारलं नाही. हल्ली हे कोण वापरतं, म्हणून नाही म्हणून पुढे गेले. पडद्याकडे बघणाऱ्या माणसाला टूं लागत नाही. बोलणं बंद असेल तेव्हा दादाला त्या एका टूंवरून कळायचं की मशीन दारापर्यंत आलंय. मी तेही काढून टाकलं होतं.

दादा म्हणाला, "आधी निदान कण्हत व्हती. आता पार मुकी केलीस."

"खालचा बाण आणि एंटर. जुनं आण."

"आणतो." मग म्हणाला, "पुण्याला लिफ्ट हाय त्याच्या बिल्डिंगीत. ती बोलती म्हनं. तिसरा मजला, चौथा मजला."

तो असं बोलायला लागला की मला काळजी वाटते. मी म्हटलं, "मी उद्याच्या एसटीनं येते. समोर बसून करू."

"नाय. तू आलीस तर तू करशील. मंग पोराला काय दाखवू? आत्या करती ते?"

"करून देईन आणि जाईन."

"तिथूनच कर," तो म्हणाला. म्हणून मी तिथूनच, म्हणजे इथूनच, केलं.

जुना कर्नेल चालू झाल्यावर आत शिरून मी आधीच्या खेपेच्या नोंदी वाचल्या. चूक सरळ होती. दादाच्या लॅपटॉपमधल्या आवाजाच्या चिपला स्वतःचा छोटा मेंदू आहे, पण लॅपटॉप सुरू होताना तो कोरा असतो. काय आणि कसं करायचं हे सांगणारी एक फाइल ड्रायव्हरला त्यात ओतावी लागते. तिला फर्मवेअर म्हणतात. ती फाइल डिस्कवर होती. मी ड्रायव्हरला इतक्या लवकर उठवलं होतं की डिस्क अजून उघडलीच नव्हती. त्यानं फाइल मागितली, उत्तर आलं की अशी फाइल नाही, आणि तो गप्प झाला. थोड्याच वेळात डिस्क उघडली, फाइल तिथेच होती, पण तो दुसऱ्यांदा मागत नाही. मॉड्यूल म्हणून उशिरा येत होता तेव्हा त्याला फाइल सापडत होती. घाई मी केली होती.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "म्हंजे कारागीर पहाटंच मागावर बसला, आन् रेशीम कपाटात, आन् कपाटाची किल्ली मालकापाशी, आन् मालक झोपलेला."

"तेच."

"मंग रेशीम त्याच्या मांडीवर ठिव."

तशी सोय असते. फर्मवेअरची फाइल कर्नेलमध्येच शिवून टाकता येते. एका रिकाम्या चौकटीत तिचं नाव लिहायचं, ती कुठे ठेवलीय ते लिहायचं, आणि पुन्हा बांधायला लावायचं. डिस्कवरची फाइल दाबून लहान केलेली होती, ती आधी उलगडून घ्यावी लागली. पीसी स्पीकरला होय केलं. बांधणी सुरू केली, पंखा फिरायला लागला, मी पुन्हा तांदूळ निवडायला घेतले आणि ते आधीच निवडलेले निघाले.

तिसऱ्या रविवारी दादानं बटण दाबलं, आणि काही वेळानं फोनमधून स्पष्ट ऐकू आलं. टूं.

"वाजलं!" दादा ओरडला. "चाची, वाजलं!"

"मुबारक," चाची म्हणाल्या. "अब बोलेगा?"

बोललं नाही. आम्ही तिघं थांबलो. दादाच्या अंगणातला कावळा ओरडत होता, तो मला नाशिकला ऐकू येत होता.

त्यातून दादानं आणखी एक केलं. मला न सांगता त्यानं प्लग उपटला आणि पुन्हा लावला. म्हणाला, परीक्षाच घ्यायची तर पुरती घेऊ. मशीन डिस्कच्या प्रश्नावर जाऊन अडलं. तिथे अजून वायफाय सुरू झालेलं नसतं, त्यामुळे माझी किल्लीही चालेना. चाचींना पडद्यासमोर बसवावं लागलं.

"काला पर्दा है बेटी. सफेद अक्षर, चींटी जैसे."

"शेवटची ओळ वाचा चाची. एकेक अक्षर."

"चष्मा लाने दो." त्या गेल्या, आल्या. "वाय. फिर ऐसा तिरछा डंडा. फिर एन."

"दादा, वाय दाब."

दाबलं. मशीन पुढे सरकलं. चाची म्हणाल्या, "मैं तो बाजू में ही हूँ. रोज पढ़ दूँगी. पर इनको मेरे हाथ का खाना चलता, मेरी आँख नहीं चलती."

"खाण्याला चव आसती," दादा म्हणाला.

त्यावर दोघं हसले. पण चाची गेल्यावर तो मला म्हणाला, "मुलाचा फोन आला व्हता. पुढच्या रविवारी यितोय. कपाटातली एक खोली रिकामी केलीय म्हनला." मग स्वतःच दुरुस्त केलं, "कपाटातला एक कप्पा. खोलीतला."

त्याच संध्याकाळी मी नोंदी उघडल्या. पहिली फाइल मिळाली होती. मग ड्रायव्हरनं दुसरी मागितली होती. ही मला आधी दिसलीच नव्हती, कारण पहिल्या खेपेला तो इथवर पोचलाच नव्हता. चिपमधून निघालेला आवाज कोणत्या वाटेनं कोणत्या स्पीकरला न्यायचा, याचा तो नकाशा होता. चिप जागी होती, बोलायला तयार होती, आणि आवाज न्यायचा कुठे हे तिला कळत नव्हतं. मी चौकटीत पहिल्या नावापुढे दुसरं नाव लिहिलं. सोमवारी पिंपळगावला जाण्याआधी बांधणी लावून गेले, आल्यावर पाठवली, आणि दादाला फोन केला. रविवारची वाट बघण्याइतका वेळ आता नव्हता.

"लाव," मी म्हटलं.

बटण. पंखा. मग एक बाई बोलायला लागली. बाई कसली, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा तो आवाज. इंग्रजी ओळी, आकडे, अर्धवट शब्द, सगळं एका सुरात आणि भरधाव. दादाला ते तसंच लागतं. मला फोनवरून एक शब्द कळेना.

"दादा—"

"थांब, थांब. ती बोलतीय."

त्यानं फोन टेबलावर ठेवला असावा. प्लग उपटल्याचा आवाज आला. शांतता. पुन्हा बटण. पुन्हा ती बाई, या वेळी मध्येच थांबली, प्रश्नाचा सूर न लावता प्रश्न विचारला. एक कळ दाबल्याचा आवाज आला. ती पुढे चालली. दादा हसत होता. हाक मारून कुणाला तरी बोलवत होता, "ऐका, ऐका, मला इचारतीय!" चाची आल्या, माग चालवणारा आला, अजून कोण कोण आलं. पुन्हा प्लग, पुन्हा बटण. तो सगळ्यांना ते पुन्हा पुन्हा ऐकवत होता.

फोन चालू आहे हे कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. मी बराच वेळ कानाला धरून बसले. काही सुधारणा सांगायची होती, वाचण्याचा वेग कमी कसा करायचा ते. मग मीच बंद केला.

रविवारी मुलगा आला. काय झालं ते दादानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही मी फोन केल्यावर. मुलानं प्लग काढून बघितला, वायफाय बंद करून बघितलं, चालू असताना झाकण आपटलं. दादानं दर वेळी ऐकलं, उत्तर दिलं, मशीन सुरू केलं, आणि शेवटी त्याच्यासमोर एका बाईच्या मेलला उत्तर लिहून पाठवलं की वांगी रंग मिळेल, वेळ लागेल. मुलगा चाचींकडे जेवला आणि एकटाच पुण्याला परतला.

जाताना मुलानं मात्र मला स्वतःहून फोन केला होता. "आत्या, भारी केलंस. आता काही झालं तर तू आहेसच ना आतून बघायला?"

"आहे," मी म्हटलं.

दादाला मी हे सांगितलं.

"एक काम ऱ्हायलंय मंग," तो म्हणाला. "तू ज्या वाटंनं माझ्या मशीनीत यितीस, ती बंद कर."

"का?"

"एकट्यानं म्हनलो ना मी."

"आणि काही बिघडलं तर?"

"बिघडलं तर फोन करीन. एसटीनं ये. दारातून ये, माणसासारखी. चाचीला सांगून ठिवीन, भाकरी जास्तीच्या टाकंल."

"बरं."

"आजच कर."

"करते," मी म्हटलं.

काम एका ओळीचं आहे. त्याच्या मशीनमध्ये माझ्या किल्लीची नोंद असलेली एक फाइल आहे, ती उडवायची, बाहेर पडायचं. पुन्हा आत येता येणार नाही, म्हणून आधी सगळं नीट आहे ना ते बघून घ्यायला हवं. बघितलं. सगळं नीट होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघितलं.

आता आमचे फोन कमी झाले आहेत. दादाला ऑर्डरी आहेत, दिवाळीची गडबड त्याला आतापासूनच सुरू होते. मी केला की उचलतो, पण मागून ती बाई बोलत असते आणि त्याचं अर्धं लक्ष तिच्याकडे असतं. "जेवलीस का?" विचारतो. "हो," मी सांगते. "ते केलंस का?" विचारतो. "करते," मी सांगते.

परवा संध्याकाळी पिंपळगावहून आले, हातपाय धुतले आणि त्याच्या मशीनमध्ये शिरले. मेलचा प्रोग्राम चालू होता, म्हणजे तो समोर बसलेला होता. वाचणारा प्रोग्राम चालू होता, म्हणजे ती बोलत होती. मला ऐकू येत नव्हतं. या वाटेनं फक्त अक्षरं येतात. फाइल उडवायची ओळ मी टाइप केली, तपासली, बरोबर होती. थोडा वेळ तशीच ठेवली. मग पुसली आणि बाहेर पडले.

येवल्याच्या एसटीच्या वेळा लिहून घेतल्या आहेत. दादाच्या मशीनवरून माझी किल्ली काढायची आहे. ते अजून केलेलं नाही.